बंद दर्याची गोधडी

बाबा, गोधडीतून तुला उसवून काढायला मला दोन दिवस लागले. माझा धावदोरा बारीक असतो आणि तुझ्या अंगावर मी तो जरा जास्तच बारीक घातला होता. आधी पाठीचा वाक सुटला, मग मांडीवर ठेवलेले हात, मग डोक्यावरची लाल टोपी. तुकडे फेकले नाहीत, टेबलाच्या खणात ठेवलेत. तुला जाऊन तेवीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत तुला काही लिहावं असं मला एकदाही वाटलं नव्हतं. आज वाटतंय ते प्रेमानं नव्हे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तू उगाच सुखावणार नाहीस.

गोधडी कसली, ते तुला ठाऊक असायचं कारण नाही. आई जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवायची. त्या होडीत तुझ्या अंगाखाली जायच्या, खाऱ्या पाण्यानं कुजायच्या, की आई दुसरी शिवायला घ्यायची. मी तेच करते, फक्त माझ्या गोधड्या भिंतीवर टांगतात आणि त्यांना आर्ट क्विल्ट म्हणतात. आईच्या वाकळीवर माणूस झोपायचा. माझ्या गोधडीशेजारी हात लावू नये अशी पाटी असते. शाळेत मुलांना चित्रकला शिकवून उरलेल्या वेळात मी समुद्र शिवते: पिशवी गिळलेलं कासव, पावसाळ्यात वाळूवर येणारे डांबराचे गोळे, बारीक आसाच्या, बारीक भोकांच्या जाळ्यात अडकलेली नखाएवढी पापलेटं. लोक समोर उभे राहून किती सुंदर म्हणतात. मी सांगते की हे सुंदर नाही, हे मेलेलं आहे, आणि तेही त्यांना फार आवडतं. दर्या वाचवा म्हणणाऱ्या बाईला टाळ्या लवकर मिळतात, त्यात ती कोळ्याची पोर असली की अजून लवकर.

यातली सगळ्यात मोठी गोधडी म्हणजे 'बंद दर्या'. दोन माणसांनी हात पसरले तरी कमी पडतील एवढी रुंद. शाळेच्या जुन्या गणवेशांचं आणि परकरांचं करडं, मातकट पाणी, आषाढातलं. त्या पाण्यात पोटुश्या मासळ्या, प्रत्येकीच्या पोटात केशरी कापडाचे बारके तुकडे, म्हणजे अंडी. आणि खाली वाळूवर तू. समुद्राकडे तोंड, आमच्याकडे पाठ, शेजारी गुंडाळून ठेवलेलं जाळं. नारळी पौर्णिमेला नारळ वाहीपर्यंत होडी पाण्यात घालायची नाही हा गावाचा नेम, आणि तो पाळत बसलेला माझा बाप. वसईतल्या हॉलमध्ये, मुंबईच्या दोन गॅलऱ्यांमध्ये, शाळांमध्ये, मी हेच बोलत आले. मासळी पोटुशी असते त्या दिवसांत तिला हात लावायचा नाही, हे माझ्या बाबांना कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं, असं मी म्हणायचे. पेपरात छापून आलं. गावानं तर यंदाच्या पौर्णिमेला ही गोधडी देवळासमोरच्या मंडपात लावायची ठरवली. तुझा मान म्हणून.

हे सगळं बोलताना मी विसरले होते असं म्हणू का? विसरले नव्हते. फाटलेल्या जागेवर ठिगळ लावतात तसं वरून एक चांगलं कापड लावलं होतं, आणि ते इतकं नीट बसलं होतं की खाली फाटलंय हे हाताला लागायचं बंद झालं होतं.

मग कळंबचं जाळं आलं. तिकडे दर रविवारी विरारच्या बिल्डिंगांमधली तरुण मुलंमुली किनारा साफ करायला येतात. जुनी जाळी सापडली की मला आणून देतात, मी ती धुऊन गोधड्यांवर लावते. या वर्षी मोठ्या उधाणानं कळंबची वाळू बरीच खाल्ली आणि खडपाचा कधी न दिसणारा भाग उघडा पडला. तिथे खडकाच्या कपारीत एक जाळं होतं, अर्धं वाळूत गाडलेलं. सहा जणांनी ते ओढून काढलं आणि टेम्पोत घालून माझ्या बिल्डिंगखाली आणून टाकलं. वास असा की वॉचमन माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. त्यात खेकड्यांच्या कवच्या होत्या, एका पक्ष्याची हाडं होती आणि ताटाएवढ्या कासवाची पाठ होती. कुणी ओढायला येत नव्हतं तरी जाळं आपलं काम करत राहिलं होतं. मी नळाची पिचकारी लावून ते धुवायला बसले आणि वरच्या दोराला हात लागला.

त्या दोरावर हातहातभर अंतरानं लाल नायलॉनच्या गाठी होत्या. गावात प्रत्येक घराची खूण वेगळी असायची; लाल तिपेडी गाठ आपल्या घराची. पण या गाठी उलट्या कलल्या होत्या, उजव्याऐवजी डावीकडे. अशा गाठी जगात एकाच माणसानं मारल्या आणि एकाच जाळ्यावर मारल्या. मी डावरी. अकरा वर्षांची होते तेव्हा तू नवं जाळं आणलंस आणि खुणा बांधायला पहिल्यांदा मला बसवलंस. दिवसभर बसून मी सगळ्या बांधल्या, बोटं सोलून निघाली, तुला दाखवायला धावत आले. तू गाठी पाहिल्यास आणि सगळ्यांसमोर कानाखाली वाजवलीस. "उलट्या गाठीचं जाळं दर्यात नेऊ काय? लोक हसतील." पहिला हसला तो काका, तुझा धाकटा भाऊ. तो म्हणाला, "हिला देवानं हातच उलटं लावलंत, हिच्या गाठी कशा सरळ येतील?" बाकीचे त्याच्या बोलण्यावर हसले. तू गाठी सोडल्या नाहीस, वेळ नव्हता. पण पुन्हा मला जाळ्याला हात लावू दिला नाहीस आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणंही सोडलंस. तू असाच होतास. मारल्यावर अबोला तूच धरायचास.

त्यानंतर आठवडाभरानं असेल, आई सकाळी सकाळी दार लावते आहे. पावसाळ्यात दिवसा दार लावणारं गावात कोणी नव्हतं, म्हणून लक्षात आहे. खिडकीवर तिनं ओला टॉवेल टाकला आणि तव्यावर गाबोळी ठेवली. केशरी, बोटभर लांब, तेलात तडतडणारी. गावभर तेव्हा सुकट आणि सुके बोंबील, दर्या बंद, नारळाला अजून पाच दिवस. तुझा सदरा आतल्या दोरीवर टाकला होता आणि त्यातून खारं पाणी ठिबकत होतं. तुझ्या उजव्या तळव्याला फडकं बांधलेलं. आई म्हणाली, "गप खायचं. बाहेर जाऊन बोलायचं नाय." मी कशाला बोलते? एवढी गाबोळी मला एकटीला कधी मिळाली नव्हती. मी तीन वेळा मागून घेतली. त्या अंड्यांतून किती मासळी झाली असती याचा हिशेब मी आता शाळेतल्या मुलांना फळ्यावर करून दाखवते. तेव्हा ती खुसखुशीत लागली एवढंच.

तीन दिवसांवर पौर्णिमा आली आणि रिवाजाप्रमाणे घरोघरची जाळी ऊन दाखवायला देवळासमोर काढली. आपलं नवं जाळं त्यात नव्हतं. कोणीतरी विचारलं. तू म्हणालास, चोरीला गेलं. पाटलानं सगळ्यांना मंडपात बसवलं. तू कुणाचं नाव घेतलं नाहीस, तेवढा तू हुशार. तू फक्त म्हणालास, "जाळ्यांच्या खोपीच्या चाव्या दोन. एक माझ्याकडं, एक माझ्या भावाकडं." काका उठला. त्याला आधी हसूच आलं, त्याला वाटलं तू थट्टा करतोयस. मग तुझं तोंड बघून त्याचं हसू गेलं. तो म्हणाला, "मी नाय नेलं. यानंच होडी काढली परवा पहाटं. मी सोताच्या डोळ्यानं बगली होडी वर ओढताना. यानंच मना सांगितलं, जाळं कळंबच्या खडपावर आडकलं, दोर कापला आनि आलो. खोटं वाटत असंल तर ओहोटीला होडी घेऊन जा आनि बगा."

पाटील म्हणाला, "दर्या बंद हाय. कोन जाईल?"

बाबा, मला अजूनही यातलं निर्दयपण कळतं तेवढं दुसऱ्या कशातलं कळत नाही. ज्या नेमाचा तू भंग केलास त्याच नेमानं तुला लपवलं. काकाचं खरं खडपावर पडलेलं होतं, होडीनं घटकाभराच्या अंतरावर, आणि ते बघायला जायचं तर गावाला नेम मोडावा लागला असता. कोणी गेलं नाही. पाटलानं विचारलं, खोपीकडं कोनी कोनाला बगला काय. मी म्हणाले, मी बघितला. कोनाला? काकाला. मग मी म्हणाले, "त्याच्या खांद्यावर जाळं होतं." मी काकाला पाहिलं नव्हतं. खोपीकडे त्या दिवसांत मी फिरकलेही नव्हते. पण लहान पोर खोटं कशाला बोलेल, असं एक म्हातारी म्हणाली आणि तिथे काम संपलं. काका माझ्याकडे बघत होता. रागानं नव्हे. शाळेत फळ्यावरचं गणित चुकलेलं दिसतं आणि कुठे चुकलं ते कळत नाही, तसा.

त्यानंतर त्याला कुणी खलाशी म्हणून घेतलं नाही. काकूला धक्क्यावर कोणी मासळी विकत देईना, ती टोपली रिकामी घेऊन परत यायची आणि आपल्या दारावरून जाताना मान खाली घालायची, जणू लाज तिलाच वाटायला हवी. दिवाळीच्या आधी ती दोघं एक ट्रंक आणि लहान मुलगी घेऊन गाव सोडून गेली. कुठे गेली हे तू विचारलं नाहीस. पण वसईच्या बाजारातून येताना तू माझ्यासाठी कात्री आणलीस. कागदात गुंडाळलेली, चकचकीत, मोठ्या माणसांची कात्री. माझ्यापुढे ठेवलीस आणि म्हणालास, "आईला वाकळा शिवाया मदत कर." अबोला तिथे सुटला. कात्री उजव्या हाताची होती. डाव्या हातात धरली की अंगठ्याच्या बुडाला रुतायची, तिथे पडलेला घट्टा अजून आहे. ती कशाबद्दल मिळाली हे तुला कळत होतं आणि मलाही. मी ती पदकासारखी मिरवली.

जाळं धुऊन झालं त्या दिवशी मी दोराचा हातभर तुकडा कापला, चार गाठींसकट, आणि रिक्षा करून फुलपाड्याला गेले. काका तिथे राहतो हे मला तीस वर्षांपासून ठाऊक होतं, त्याची पुतणी म्हणून कधी गेले नव्हते. एकाला एक चिकटलेल्या बिल्डिंगा, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार त्याच्या मुलीनं उघडलं, तीच ट्रंकेवर बसून गेलेली. तिनं मला ओळखलं, बाजूला झाली, पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही. भिंतीवर काकूचा हार घातलेला फोटो. काका खाटेवर बसला होता, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, वॉचमनकी करून पाय सुजलेले. मी दोराचा तुकडा त्याच्या हातात दिला. त्यानं एकेक गाठ अंगठ्यानं चाचपली.

"डावरी गाठ," तो म्हणाला. "तू काय?"

"हो, काका."

"कुठं गावलं?"

"कळंबच्या खडपावर."

तो हसला, दात नसलेलं हसू. मुलीला म्हणाला, "ऐकलास? कळंबच्या खडपावर. मी काय बोलत होतो?" मुलगी म्हणाली, "तुम्ही रोज हेच बोलता, बाबा." मग तो माझ्याकडे वळला. "तेवा तू पोर होतीस. अकरा वर्सांची. तुला मी तेवाच सोडली. पन मंग तू पंचवीसची झालीस, चाळीसची झालीस, मास्तरीन झालीस. पेपरात फोटू आला तुझा. नातीनं वाचून दाखवला, बाप दर्या पाळायचा म्हनून लिवलं होतं. तेवा तर पोर नव्हतीस?"

 मी खाली फरशीकडे बघत राहिले. त्याची मुलगी म्हणाली, आई गेली तेव्हा गावात निरोप पाठवला होता, एक माणूस आला नाही, खांदा बिल्डिंगवाल्यांनी दिला. तो निरोप तुला मिळाला होता, बाबा, मी तेव्हा माहेरी आले होते आणि तू तो ऐकून घेतलास आणि भात वाढायला सांगितलास. मीही भात वाढला.

"मना इथं येऊन सांगू नको," काका म्हणाला, "मना ठावच हाय. जिथं बोललीस तिथं उभी राहून बोल."  तुकडा त्यानं खाली ठेवला नव्हता. त्यानं हळूच विचारलं, "तुला कोनी बोलाया लावलं? त्यानंच ना?"

मी मान हलवली. मग आठवलं की त्याला दिसत नाही, म्हणून तोंडानं हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गोधडी उसवायला घेतली. मी मोठी गोधडी एकटीनं हाताळू शकत नाही, म्हणून ती सांडोरला माझ्या मैत्रिणीच्या ओटीवर चौकटीला ताणून ठेवलेली असते. ती माझ्याच शाळेतून निवृत्त झालेली बाई, घरामागे केळीची बाग, तोंड फटकळ. तू सुटू लागलास तशी ती सुई ठेवून बघत बसली. म्हणाली, "बापाला काढतेस कशाला? राहू दे की, जाळं बाजूला लाव." मी म्हटलं, इथे जाळंच बसेल. सगळं सांगितलं तिला, म्हणजे काकाला सांगितलं तेवढं. ती म्हणाली, "मी चर्चमध्ये कुमसाराला जाते तर ऐकायला एकटा फादर असतो, तरी जीभ उचलत नाही. आणि खरं सांगू, तिथेही आम्ही आधी दुसऱ्याचीच पापं सांगतो." मी दोरा ओवत होते, हसले. जिथे तू बसला होतास तिथे मी कळंबचं जाळं लावलं, जसं होतं तसं, कापलेल्या टोकासकट. चाकूनं कापलेला नायलॉन दोर इतक्या वर्षांनीही टोकाला सरळ राहतो.

पौर्णिमेला मंडप भरला होता. गाव होतं, किनारा साफ करणारी मुलं होती, बिल्डिंगांमधून फोटो काढायला आलेले लोक होते. गोधडीवर पडदा होता. काकाला त्याची मुलगी रिक्षातून घेऊन आली आणि तो मागे खुर्चीवर बसला. जुन्यांपैकी एकदोघांनी ओळखलं आणि मान फिरवली. पडदा काढला तेव्हा लोक तुला शोधत होते. मी माईक घेतला आणि सांगितलं. हे जाळं कोणाचं, या गाठी कोणाच्या, ते कुठे सापडलं, आणि या जागेवर उभी राहून मी काय बोलले होते. माझ्या बाबांनी बंद दर्यात होडी घातली, जाळं अडकलं, दोर कापला आणि आळ सख्ख्या भावावर घातला.  मग मी म्हणाले, आदल्या दिवशी बाबांनी मला चुलीपाशी बसवलं आणि काय बोलायचं ते पढवलं. अकरा वर्षांची होते मी, कानाखालचे वळ अजून उतरले नव्हते, मी कशी नाही म्हणणार होते? बायकांमधून च्च च्च आलं. एकजण डोळे पुसू लागली.

हल्लीचा पाटील म्हणजे त्या पाटलाचा मुलगा. तो उठला, काकापाशी गेला, वाकून नमस्कार केला आणि यंदाचा पहिला नारळ काकाच्या हातात दिला. काकाला धरून पाण्यापर्यंत नेलं. घोटाभर पाण्यात उभं राहून त्यानं नारळ सोडला, लाटेनं तो दोनदा परत आणला, तिसऱ्यांदा घेतला. परत येताना तो माझ्यापाशी थांबला, चाचपत माझं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. "तुझी चूक नाय, बाय," तो म्हणाला. "त्याची होती. पोराच्या तोंडात पाप घालनारा तो." मी त्याच्या हाताखाली उभी राहिले. मला रडू आलं आणि लोकांनी त्याचेही फोटो काढले.

आता तुझं काय झालं तेही ऐक. मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवरून तुझा फोटो उतरवला, तिथे रंगाचा फिकट चौकोन राहिलाय. गावातली शेंबडी पोरं तुझं नाव सांगतात, पोरीला खोटं बोलायला लावणारा म्हणून. होडी काढली हे लोक एकवेळ विसरतील, पोटासाठी माणूस काय काय करतो. पण स्वतःच्या लेकराला पढवलं हे कोणी विसरणार नाही. गोधडीला आणखी तीन ठिकाणांहून बोलावणं आलंय. मला सगळीकडे हीच गोष्ट सांगायला लावतात, चुलीपाशी बसवलं ते विशेष करून.

आणि ते झालंच नव्हतं, बाबा. तू मला काही पढवलं नव्हतंस. मला चुलीपाशी बसवायला तू माझ्याशी बोलत कुठे होतास? त्या दिवशी मंडपात मी आईचा हात सोडवून स्वतःहून पुढे गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं. काका माझ्या हातांना हसला होता आणि सगळ्यांना हसवलं होतं, तो सल होता. आणि तू कितीतरी दिवस माझ्याकडे बघितलं नव्हतंस, ते मला हवं होतं. काकाचं नाव घेतलं तेव्हा तू बघितलंस. खांद्यावर जाळं होतं हे मी मग तुझ्यासाठी जोडलं. तू मला थांबवू शकत होतास आणि थांबवलं नाहीस, ते पाप तुझं, ते मी तुझ्यावरून काढणार नाही. पण शब्द माझे होते. पहिल्यांदा काका बोलत होता तरी त्याचं कोणी ऐकलं नाही म्हणून माझं खोटं चाललं. या वेळी तू बोलूच शकत नव्हतास, त्यामुळे अजून सोपं गेलं.

हे तुला लिहिता आलं ते तुला पोचणार नाही म्हणून. ज्याला पोचेल तो फुलपाड्याला आहे, इथून रिक्षानं वीस मिनिटं. काल मी ठरवून निघाले होते, पर्स घेतली होती, चप्पल पायात घातली होती. तेवढ्यात त्याचाच फोन आला. पौर्णिमेपासून तो रोज फोन करतो, मुलगी लावून देते. "बाय, जेवलीस काय?" मी म्हटलं, हो काका, आत्ताच. आणि चप्पल काढून ठेवली.